आधी तारा, मग फटी, शेवटी पिंजरा

इंदूरच्या रामबागेतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले आहे. खालचा मजला विटांचा, वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर नालीदार पत्रे. अंगणातल्या जांभळाची फांदी छपराला टेकली आहे. पत्र्याखाली दिवसा धावपळ आणि रात्री खुडबूड ऐकू येते. न्हाणीघरातल्या गिझरची लाइन दोनदा बंद पडली आणि एकदा माळ्यावरून जळका वास आला. प्रत्येक वेळी वायरमन येतो, कुरतडलेल्या जागी टेप गुंडाळतो आणि जातो. यजमान विष आणायचे म्हणतात, मुलाने आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र मागवले आहे, आणि रोज सकाळी खारींना ज्वारी टाकणाऱ्या सासूबाईंनी बजावले आहे की, रामाने जिच्या पाठीवरून हात फिरवला तिच्या वाटेला कोणी जायचे नाही. अशा वेळी नेमके काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात खारी, उंदीर, विष आणि यंत्र यांबद्दल सविस्तर लिहिले आहे आणि जळक्या वासाबद्दल मात्र एकच वाक्य आहे. मी सुरुवात त्या वाक्यापासून करतो. जळका वास आला याचा अर्थ तक्तपोशीच्या वर कुठेतरी तारेचे आवरण तापून वितळले, आणि ती जागा अजून तिथेच आहे. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम करावे ते असे की, माळ्यावरून जाणाऱ्या सर्व लाइनींच्या एमसीबी, म्हणजे मुख्य पेटीतले आपोआप पडणारे स्विच, खाली पाडून ठेवाव्यात, आणि कोणती लाइन वरून जाते हे कळत नसेल तर परवानाधारक वायरमन येईपर्यंत गिझर, पंप आणि वातानुकूलन यंत्र चालवू नये. वास पुन्हा आला, दिवे मिणमिणले किंवा एखादा स्विचबोर्ड हाताला गरम लागला, तर मेन स्विच बंद करावा. ठिणगी किंवा धूर दिसला तर त्यावर पाणी न टाकता सर्वांनी बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

टेप गुंडाळल्याने काम भागते असे वाटते, कारण दिवा पुन्हा लागतो. पण उंदराने कुरतडलेल्या जागी पुष्कळदा केवळ आवरण गेलेले नसते, आतल्या तांब्याचे काही धागेही तुटलेले असतात. तेवढाच प्रवाह कमी धाग्यांतून वाहू लागला की ती जागा तापते, आणि गिझरसारखे मोठा प्रवाह ओढणारे उपकरण त्याच लाइनीवर असेल तर जास्तच तापते. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या पोकळीत आधीच किती उकाडा असतो हे आपल्याला सांगायला नको. त्या उष्णतेत टेपचा चिकटपणा सुटतो आणि तो मोकळा लोंबू लागतो. त्यातच खारीचे घरटे कापूस, सुतळी, गोधडीच्या चिंध्या आणि काथ्या यांचे असते. म्हणजे तापणारी तार, तिच्या शेजारी कोरडा कापूस आणि खाली जुने सागवान अशी आगीची सगळी सामग्री एका ठिकाणी जमलेली असते. आपल्या शहरातली जुनी घरे खाली दगड-विटांची आणि वर लाकडाची, अशाच रीतीने बांधली गेली. होळकरांच्या राजवाड्याचेही खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते. १९८४ मध्ये तिथे आग लागली तिचे कारण वेगळे होते, पण लाकडी मजले पेटले म्हणजे काय होते ते या शहराने तेव्हा पाहिले आहे.

वायरमनकडून काय करून घ्यायचे ते आता सांगतो, कारण त्याला नेमके सांगितले नाही तर तो पुन्हा टेपच घेऊन येईल. प्रथम त्याने प्रत्येक लाइन वेगळी करून, सर्व उपकरणे आणि दिवे सोडवून, मेगर या यंत्राने ५०० व्होल्टवर आवरणाचा रोध मोजावा. तो एक मेगाओमपेक्षा कमी आला तर त्या लाइनीत कुठेतरी आवरण खराब आहे असे धरून चालावे. यामुळे नजरेला न दिसणारी कुरतडही पकडली जाते आणि "इथे टेप लावला, आता ठीक आहे" या बोलण्यावर विसंबावे लागत नाही. सदोष तार जोडत बसू नये, एका जंक्शन बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण बदलावी. दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५ आणि गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हे घरगुती कामातले रूढ माप आहे. माळ्यावरच्या तारा प्लास्टिकच्या नळीतून न नेता लोखंडी गॅल्व्हनाइज्ड नळीतून न्याव्यात, कारण प्लास्टिकची नळी उंदीर तारेइतक्याच सहजतेने फोडतो. लोखंडी नळी घेतली तर तिला अर्थिंग जोडणे अनिवार्य आहे, हे मात्र विसरू देऊ नये. आपल्याकडे लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग शिल्लक असेल तर तिच्यावर खर्च करू नये, ती काढून टाकावी.

याच कामात मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. एमसीबी आणि आरसीसीबी या दोहोंची कामे वेगळी आहेत. तारेतून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहिला किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर एमसीबी पडते. फेजची उघडी तार ओल्या भिंतीला, लोखंडी नळीला किंवा माणसाच्या हाताला लागून थोडासा प्रवाह जमिनीत जाऊ लागला तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, ते काम आरसीसीबी करते. पावसाळ्यात उंदरांनी उघडी पाडलेली तार भिंतीला वीज देऊ लागते तेव्हा जीव वाचतो तो तिच्यामुळे. तिच्यावरचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे. ती सारखी पडते म्हणून तिला वगळून थेट जोड देणारे कारागीर असतात. तसे कोणी सुचवले तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा. मात्र आरसीसीबी लावली म्हणजे आगीची चिंता मिटली असेही समजू नये, कारण फेज आणि न्यूट्रल यांच्यात बारीक ठिणग्या उडत राहिल्या तर तीही गप्प बसू शकते. मीटरपर्यंतची खांबावरून येणारी तार कुरतडलेली दिसली तर तिला आपण किंवा आपल्या वायरमनने हात लावू नये; ते काम वीज वितरण कंपनीचे आहे आणि तक्रार १९१२ वर नोंदवता येते.

हे प्राणी तारा का कुरतडतात, याचे उत्तर त्यांच्या दातांत आहे. उंदीर आणि खार यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, उंदराचे तर वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर. आणि त्यांच्यावरचे कठीण आवरण फक्त पुढच्या बाजूला असल्यामुळे मागची बाजू लवकर झिजून दाताला सतत धार येत राहते. त्यांना तार खायची नसते. त्यांची ये-जा भिंतीच्या आणि वाशांच्या कडेने होते, आपण ताराही तिथूनच नेतो, आणि वाटेत आलेली मऊ वस्तू ते चावून पाहतात. यावर उपाय म्हणून तारांना रॉकेल किंवा फिनेल लावण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. रॉकेलाने तारेचे आवरणही खराब होते आणि लाकडी माळ्यावर ज्वालाग्राही पदार्थ नेल्यासारखे होते, म्हणून तो सल्ला मानू नये.

आपल्या घरात खार आहे, उंदीर आहे की दोन्ही आहेत हे आपण जवळजवळ स्वतःच लिहिले आहे. खार दिवसाचा प्राणी आहे, ती सूर्यास्तानंतर हालचाल करत नाही. त्यामुळे दिवसाची धावपळ तिची आणि रात्रीची खुडबूड उंदरांची, म्हणजे आपल्याकडे दोन्ही आहेत. खात्री करायची असेल तर संध्याकाळी भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर टाकून सकाळी पावलांचे ठसे पाहावेत. उंदरांच्या नेहमीच्या वाटेवर अंगाच्या तेलकटपणाने भिंतीला काळपट पट्टा उमटतो, तोही शोधावा. पुढे पिंजरा तिथेच लावायचा आहे. माळ्यावर चढणारा काळा उंदीर आणि अंगणात, मोरीच्या कडेला बिळे करणारी घूस यांतही फरक करावा, कारण घूस तक्तपोशीवर जात नाही, ती पाया आणि फरशी पोखरते. चिचुंद्री दिसली तर तिला मारू नये. ती उंदीर नाही, तारा कुरतडत नाही, आणि झुरळे खाते. तिचा वास मात्र सहन करावा लागतो.

आता खारींबद्दल. सासूबाईंचे म्हणणे आपण मान्य करावे, असेच मी सुचवीन, आणि त्याला श्रद्धेखेरीज दुसरेही कारण आहे. आपल्या भागातल्या पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत होते, तर घरच्या उंदरांना त्याच कायद्याने उपद्रवी प्राण्यांत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली, तरी खारीला मारण्याचा किंवा विष घालण्याचा विचार आपण सोडून द्यावा हेच योग्य. तिला बाहेर काढता येते, आणि ती बाहेर गेल्यावर वाट बंद करता येते. घाई करून भोक आधी बुजवले तर आत पिल्ले अडकतात, ती मरून दुर्गंधी सुटते, आणि बाहेर राहिलेली आई आत शिरण्यासाठी लाकूड, पत्र्याखालचा गिलावा आणि तारा जास्तच जोराने कुरतडते. खारीला एका वेळी साधारण दोन-तीन पिल्ले होतात आणि ती स्वतंत्रपणे फिरू लागेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. म्हणून ज्या फटीतून ती ये-जा करते तिथे वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवावा. कोरड्या हवेत तीन दिवस तो हलला नाही तर आत कोणी नाही असे समजून फट पक्की बंद करावी. बोळा रोज बाहेर पडलेला मिळाला आणि आतून पिल्लांचा बारीक आवाज येत असेल तर थांबावे. पिल्ले बाहेर हिंडू लागल्यावर त्या फटीवर वरच्या कडेने अडकवलेला, बाहेरच्या बाजूलाच उघडणारा जाळीचा तुकडा लावावा; खार बाहेर पडते, पण तिला परत आत येता येत नाही. वायरिंगच्या कामासाठी पत्रे उघडले आणि घरटे सापडले, तर ते उचलून फेकू नये. तेवढा भाग सोडून बाकीचे काम करावे आणि त्या भागातली लाइन बंद ठेवावी.

जांभळाची फांदी छपरापासून निदान दोन-अडीच मीटर दूर राहील इतकी छाटावी. पूर्ण झाड तोडण्याची गरज नाही आणि त्यासाठी नगर निगमची परवानगीही लागते. फांदी गेल्यावर खारी केबल आणि इंटरनेटच्या तारांवरून चालत येतील. त्या तारांवर प्लास्टिकच्या नळीचा हातभर तुकडा उभा चिरून सैल बसवला तर पाय ठेवताच तो फिरतो आणि खारीला पुढे जाता येत नाही. विजेच्या तारेवर हा प्रयोग कदापि करू नये.

उंदरांच्या बाबतीत बहुतेक घरे पिंजऱ्यापासून सुरुवात करतात आणि त्यामुळेच वर्षानुवर्षे पिंजरे लावत बसतात. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात, त्यामुळे वाट उघडी ठेवून पकडत राहिल्याने संख्या कमी होत नाही. शिसपेन्सिल शिरेल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या भोकातून लहान उंदीर आणि १२ मिलिमीटरच्या भोकातून मोठ्या उंदराचे पिल्लू आत येते. आपल्यासारख्या घरात सर्वांत मोठे प्रवेशद्वार असते ते नालीदार पत्रा भिंतीवर टेकतो तिथे. पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली एक छोटी कमान मोकळी राहते आणि बांधतानाच ती बुजवायची राहून गेलेली असते. त्या सर्व कमानींत बारीक लोखंडी जाळी दाबून वर सिमेंटचा गिलावा द्यावा. नळ, ड्रेनेज आणि वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवतीची भोके भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासणीने ठासून त्यावर सिमेंट लावावे. साधी लोखंडी तार गंजून मोकळी होते, म्हणून स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, आणि बाजारात मिळणारा फुगणारा फोम एकटा वापरू नये, कारण उंदीर तो एका रात्रीत पोखरतो. मोरीला पक्की जाळी आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी हवी. माळ्यावरचा अटाला, म्हणजे जुने गाद्यांचे गठ्ठे, रद्दी आणि खोकी, पत्रे उघडतील त्याच दिवशी खाली उतरवून टाकावा. हे कोणाला सांगावे लागते ते आपल्या घरातच आपल्याला ठाऊक असेल.

एवढे झाल्यावर आत उरलेल्यांसाठी पिंजरे किंवा खटक्याचे सापळे लावावेत. काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस सापळा न चढवता त्यात शेंगदाण्याचा कूट किंवा थोडी शेव ठेवून द्यावी आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागल्यावर मगच चढवावा. सापळा खोलीच्या मध्यात न ठेवता भिंतीला चिकटवून, काळपट पट्ट्याच्या वाटेवर ठेवावा, आणि एकाऐवजी सहा-सात एकदम लावावेत. दिवसा ते उचलून ठेवावेत म्हणजे खार सापडणार नाही. पिंजऱ्यात मिळालेला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडून येणे म्हणजे तो शेजाऱ्यांना देणे होय, आणि पुष्कळदा तो घरी परतही येतो.

यजमानांच्या विषाला माझा विरोध आहे. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. शिवाय थोडे चाखून आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या खाद्याला तोंड लावत नाही. ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोपर्यंत तो आपल्या तक्तपोशीच्या आत जाऊन बसलेला असतो, जिथून त्याला काढता येत नाही. तोच उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर तेही दगावू शकते, आणि माळ्यावर ठेवलेली वडी खार खाणार नाही याची कोण हमी देणार? पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नये, तिने यकृत निकामी होते. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात जीवघेण्या आहेत. चुकून कोणाच्या पोटात विष गेले तर उलटी करवत न बसता पाकिटासह रुग्णालय गाठावे. गोंदाचे पुठ्ठेही नकोत. त्यांत पाली, चिमण्या आणि खारी अडकतात आणि तासन्‌तास तडफडतात.

मुलाच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. त्याच्या उच्च कंपनसंख्येच्या ध्वनिलहरी भिंत आणि फर्निचर ओलांडत नाहीत आणि उंदीर काही दिवसांत त्यांना सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल ताकीद दिली होती. घरातल्या माणसांना काहीतरी केल्याचे समाधान मिळते, एवढा परिणाम मात्र निश्चित होतो. परत करता येत असेल तर परत करावे आणि त्या पैशांत जाळी घ्यावी. डांबराच्या गोळ्या माळ्यावर पसरण्याचाही उपयोग नाही, आणि घरात तान्हे मूल असेल तर त्यांची वाफ त्याला अपायकारक ठरू शकते.

माळा साफ करताना कोरडा झाडू मारू नये. लेंड्या आणि मूत्र यांतून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात, म्हणून आधी खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी, रबरी हातमोजे आणि मास्क घालावा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण शिंपडून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने सर्व गोळा करावे. अर्थात हे करताना माळ्यावरची वीज बंद असली पाहिजे.

सासूबाईंची ज्वारी बंद करण्याची गरज नाही, जागा आणि वेळ बदलावी लागेल. छपराखाली किंवा मीटरच्या पेटीजवळ दाणे न टाकता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी, दुपारपर्यंत खारी संपवतील इतकेच टाकावेत. उरलेले दाणे सूर्यास्तापूर्वी झाडून घ्यावेत, कारण दिवसा खारींसाठी टाकलेली ज्वारी रात्री उंदीर खातात. ओला कचराही रात्री ओटल्यावर काढून ठेवू नये; नगर निगमची गाडी सकाळी येते तेव्हा झाकणाच्या डब्यातून थेट तिच्यातच द्यावा.